तगरीवरची अळी

आमच्या माकणी गावातल्या घरापुढे अंगणात तगर आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी माहेराहून फांदी आणून ती लावली. तेव्हापासून देवासाठी फुलं विकत आणायची वेळ आमच्या घरावर आली नाही. म्हणून एका सकाळी परडी घेऊन गेले आणि वरच्या फांद्यांची नुसती काटकं उभी दिसली, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आधी मी शेजारच्या शेळीला आणि शेळीच्या मालकिणीला मोठ्यानं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. तगरीला चीक असतो आणि शेळी तिला तोंड लावत नाही, हे राग ओसरल्यावर आठवलं.

मग खाली बघितलं. मी पहाटे झाडून सडा टाकला होता, आणि त्या स्वच्छ जमिनीवर धण्यांएवढ्या काळ्या गोळ्या पडल्या होत्या. वर मान केली. पानांच्या खालच्या अंगाला, पानांच्याच रंगाची, माझ्या बोटाहून जाड अशी एक अळी देठाला धरून पडली होती.

"काय झालं गं?" ओसरीतल्या खाटेवरून ह्यांनी विचारलं.

"तुमचं गिऱ्हाईक आलंय," मी म्हणाले.

ह्यांचं जवळच्या लोहाऱ्यात बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. दुकान म्हणजे ह्यांचं अर्धं आयुष्य. शेतकरी यायचे ते हातात काहीतरी घेऊन. काडेपेटीत, पिशवीत, कधी जेवणाच्या डब्यातसुद्धा अळ्या असायच्या. हे अळी बघायच्या आधी पान मागायचे. कडेनं कुरतडलंय का मधून जाळी केलीय, शेंड्याला लागलीय का बुडाला, एवढं बघून नाव सांगायचे आणि मागे न वळता फळीवरची बाटली काढायचे. गावात आणि आसपास ह्या एका गोष्टीसाठी ह्यांना मान होता. मला मात्र त्या मानाचं कधी कौतुक वाटलं नाही. संध्याकाळी घरी आलेल्या शर्टाला बाटल्यांचा वास यायचा आणि तो शर्ट धुवायला मीच बसायची.

त्या भाद्रपदात मात्र दुकानाला कुलूप होतं. पोटाच्या आजारानं ह्यांना महिनोन् महिने लातूरला खेपा घालायला लावल्या होत्या, आणि शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरी न्या, जे आवडेल ते खाऊ द्या. मी ते घरात कुणाला बोलले नाही. पण ह्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि त्यांना समजलं. सासूबाईंना न बघताच समजलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, ऑपरेशनला त्या तयार होईनात, त्यामुळे त्यांचं सगळं कानांवर चालायचं. ह्यांची खाट आम्ही ओसरीत टाकली होती. सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) दिवसभर त्या खाटेच्या पायथ्याशी बसून असायच्या.

"फांदी तोडून आन," हे म्हणाले. "बघू दी."

मी अळीला हात लावणाऱ्यांतली नाही. कात्रीनं फांदी कापली आणि ताटात धरून आणली. ह्यांनी बोटानं तिला हळूच डिवचलं. तशी तिनं डोकं आत ओढून घेतलं, मान फुगवली, आणि मानेवर दोन निळे डोळे उघडले. पांढरी कड असलेले, माझ्याकडेच बघणारे डोळे. मी ताट खाली टाकलं. ताटाचा आवाज अंगणभर झाला आणि हे हसायला लागले. पोटावर हात धरून, दुखत असताना हसले. कितीतरी दिवसांनी ते हसणं मी ऐकलं आणि त्यामुळेच मला आणखी राग आला.

"काय हाय रं?" सासूबाईंनी विचारलं. "साप का काय?"

"अळी हाय, आई. डोळं खोटं हायत तिचं. सापागत दिसावं म्हनून." मग त्यांनी आईला सगळी अळी सांगितली. अंगाला पांढरे ठिपके आहेत, दोन्ही अंगांनी एक पांढरी रेघ गेलीय, शेपटीकडे पिवळं आखूड शिंग आहे. तोंडाचा आवाज येतोय का बघ, असं म्हणून त्यांनी फांदी आईच्या कानाशी धरली. सासूबाई लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

मी विचारलं, "कपाटात एखादी बाटली असंलच की. कुठली मारू?"

"मारायची न्हाय."

"आन् माझी तगर?"

"तगर फुटंल परत." त्यांनी फांदी ताटात ठेवली. "म्या जन्मभर लोकांच्या अळ्या बघितल्या. तीळ, सोयाबीन, तूर, सगळ्यांच्या. पर एकबी मोठी हुईस्तवर बघितली न्हाय. बाटली देऊन मोकळा झालो. ही कोन हुती ते एकदा बघू दी मला."

आजारी माणसाला डोहाळे लागलेत, असं मी पुटपुटले. पण फांदी नेऊन तगरीतच खोचून आले.

आता ती अळी कोणती, हे ठरवायचं होतं. ह्यांनी आधी तिळावरची म्हणून सांगितलं, कारण तिळावर अशीच मोठी, शिंग असलेली अळी पडते. पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले की न्हाय, तिळावरच्या अळीच्या अंगावर तिरके पट्टे असतात आणि ती तगरीला यायची नाही. इतकी वर्षं पान बघून नाव सांगणारा माणूस त्या दिवशी अडला. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, उलट ते उठून बसले. मोबाइलवर फोटो काढून दुकानदारांच्या ग्रुपवर टाकला. एकानं ताबडतोब बाटलीचं नाव आणि पंपाला किती मिली ते कळवलं. दुसऱ्यानं विचारलं, किती एकरावर आहे. हे उत्तर लिहीत बसले की एका झाडावर आहे, झाड बायकोचं आहे आणि फवारायचं नाही. त्यावर कुणाचंच उत्तर आलं नाही.

आमची लेक पुण्याला नोकरीला आहे. त्या काळात दर शनिवारी यायची. तिनं फोटो बघून संध्याकाळी फोन केला. म्हणाली, "बाबा, ही हॉक मॉथची अळी आहे. म्हणजे मोठा पतंग होतो तिचा. कण्हेर आणि तगर खाते. कण्हेरीच्या विषानं जनावर मरतं, पण हिला काही होत नाही." आणि पतंगाचा फोटो पाठवते म्हणाली.

फोटो आला तेव्हा ह्यांनी मोबाइल उलटा करून उशीखाली सारला. "मला हितंच बघायचाय," म्हणाले. "आधी बघितला तर मग काय राहिलं?"

मी मात्र चुलीपाशी बसून माझ्याही मोबाइलवर आलेला बघून घेतला. तळहाताएवढा पतंग. हिरवा आणि गुलाबी, आणि त्यात पांढुरक्या रेघांची अशी नक्षी की सासूबाईंचं जुनं इरकली लुगडं आठवावं. बघितला आणि पस्तावले. कारण त्यानंतर रोज हे अंदाज करायचे आणि मला तोंड मिटून बसायला लागायचं. "पांढरा असंल, तगरीच्या फुलागत," ते म्हणायचे. कधी म्हणायचे, "मातकट असंल, रातचा फिरतो म्हनल्यावर." मी भांडी घासत राहायची. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मधूनच चिडवायचे, "सांगू नको बरं का. पोट फुगलं तरी सांगू नको."

अळी भराभर खात होती. सकाळी मी किती पानं गेली ते सांगायची, हे ते आईला सांगायचे आणि सासूबाई काठी टेकत तगरीखाली जाऊन जमीन चाचपडायच्या. हाताला लागलेल्या गोळ्या बोटांत फिरवून म्हणायच्या, "आज जाड पडल्यात. भूक हाय तिला." मला तगरीखाली झाडायची बंदी होती. अळी पुढे पाल्यात उतरते, तिथं कोश करते, आणि आम्ही सगळ्या बायका सकाळी तोच पाला गोळा करून पेटवतो, हे लेकीनं सांगितलं होतं. आपल्या अंगणात दरवर्षी किती जळाले असतील, हे म्हणाले. तगरीखाली पाला साठला तशी शेजारीण येता-जाता विचारायला लागली, झाडू मोडला का म्हणून. तिला एरवी चांगलं उत्तर मिळालं असतं.

मग एका सकाळी अळी हिरवी राहिली नव्हती. पाठ काळपट पडली, बाजू भाजल्यासारख्या तांबूस झाल्या. पानाला तोंड लावत नव्हती. मी धावत ओसरीत आले. "सुकली हो ती. मरायला लागली."

"मरत न्हाय," हे म्हणाले. "खायचं झालं तिचं. आता खाली उतरंल."

त्याच दिवशी ह्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मी दुसऱ्यांदा पुढे केली तेव्हा नुसती मान हलवली. मी वाटी धरून बसून राहिले आणि सासूबाई म्हणाल्या, "ठिव ती खाली." त्यांनी वाटी सारल्याचा आवाज ऐकला होता.

दुपारी अळी खाली उतरली आणि पाला सोडून सरळ रस्त्याकडे निघाली. रस्त्यानं त्या वेळी ट्रॅक्टर जात होते. "अगं, धर तिला!" हे खाटेवरून ओरडले. ओरडायचं बळ त्यांच्यात कुठून आलं कोण जाणे. कात्री शोधायला वेळ नव्हता. मी तिला हातानं उचललं. गार होती, घट्ट होती, आणि मुठीत सारखी पुढे जायला बघत होती. माझ्या अंगावर काटा आला तरी मी मूठ सोडली नाही.

दही लावायचं एक जुनं मडकं होतं. त्यात भुसभुशीत माती, वर तगरीचा पाला आणि मधे एक उभी काटकी. पतंग बाहेर आला की त्याला वर चढून पंख वाळवायला आधार लागतो, असं लेकीचं सांगणं होतं. माती सुकू देऊ नका, रोज थोडं पाणी शिंपडा, हेही तिचंच. तोंडाला मच्छरदाणीचं फडकं बांधलं. मडकं ह्यांच्या खाटेशेजारी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं.

शनिवारी लेक आली. तिनं पाला अलगद बाजूला केला. अळी नव्हतीच. तिच्या जागी तपकिरी, काळ्या ठिपक्यांचा, खारकेएवढा कोश होता. ह्यांनी त्याला बोट लावलं, तशी त्याची शेपूट वळवळली.

"जित्ती हाय," ते आईला म्हणाले.

"किती दीस लागतील?" सासूबाईंनी विचारलं.

लेक म्हणाली, दोनेक आठवडे. आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. सासूबाईंनी मडक्याच्या कडेवरून हात फिरवला आणि फडकं परत नीट बांधायला लावलं.

त्यानंतर एका दुपारी ओसरीत आम्ही दोघंच होतो. सासूबाई आत पडल्या होत्या. ह्यांनी मला जवळ बोलावलं. "मला बघायला मिळंल का गं?"

मला कुठल्याही गोष्टीवर उत्तर सुचतं, अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी म्हणाले, "मिळंल की. न मिळायला काय झालं?" आणि उठून चहा करायला गेले. चहा कुणालाच नको होता. मी स्वयंपाकघरात पाणी उकळून आटेपर्यंत उभी राहिले.

वारा सुटायला लागला म्हणून ह्यांची खाट मधल्या खोलीत नेली. मडकं ओसरीतच राहिलं. दोन दिवसांनी भरदुपारी हे गेले. लेकीला मी आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं, ती होती. सासूबाई उशाशी होत्या. त्यांनी श्वासावर कान ठेवला होता, त्यामुळे सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं.

आमच्याकडे माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. दिव्याभोवती ताटात पीठ पसरतात आणि त्यावर टोपली तिरकी झाकतात, ज्योतीला हवा लागावी एवढी फट ठेवून. तो माणूस दहा दिवस घर सोडत नाही, दिव्यापाशी असतो, असं म्हणतात. दहाव्याला टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते वडीलधारे बघतात. त्यावरून तो पुढे कोणत्या जन्माला गेला ते ओळखायचं. मी असल्या गोष्टी लहानपणापासून बघत आले आहे आणि माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. पण विश्वास नसला तरी त्या मोडायचं धैर्य घरात मयत झाल्यावर कुणाला होत नाही.

"दिव्याचं म्या बघते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्या खोलीतच अंथरूण टाकलं. वातीची ऊब तळहातानं बघायच्या आणि तेल घालायच्या. कुणी मदतीला गेलं तर परत पाठवायच्या. मी तर गेलेच नाही. त्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि मागे वळायची. ती मोकळी खाट मला बघवत नव्हती. लोकांना वाटलं असेल, बाई कठोर आहे. वाटू दे म्हटलं.

नणंद कळंबहून आली होती. हात चालता ठेवणारी बाई. रडणंही कामातच उरकायची. तिसऱ्या दिवशी, अस्थी आणल्यानंतर, तिनं घर धुऊन काढलं, अंथरुणं उन्हात टाकली आणि आमच्या रीतीप्रमाणे वापरातली मातीची भांडी बाहेर टाकली. सुतकात पाण्याचे माठ ठेवत नाहीत. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसले होते आणि मला ते सगळं दिसत होतं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. संध्याकाळी ओसरीत आले. कोपरा धुतलेला होता. मडकं नव्हतं.

"वन्सं, हितलं मडकं कुठाय?"

"कुठलं मडकं? मातीचं समदं टाकलं की. ठिवायचं नसतंय."

मग मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा भाऊ गेल्याला तीन दिवस झाले होते आणि मी तिला म्हणाले की तुम्हाला तुमचा भाऊ कधी कळलाच नाही. ती रडत म्हणाली, वैनी, म्या दोन माठ टाकले, दह्याचं मडकं मला दिसलंबी न्हाय. मला ते खोटं वाटलं. पायात चपला न घालता मी उकिरड्यावर गेले. खापऱ्या उलथून बघितल्या, ओल्या मातीचे गोळे फोडून बघितले. हाताला खापरी लागली. सुतकातली बाई उकिरड्यावर बसलीय म्हणून लोक थांबले, आणि लेकीनं येऊन मला उठवलं.

"आई, कोशच होता तो," ती म्हणाली.

"त्यांना बघायचा होता," मी म्हणाले. मी तेव्हा पहिल्यांदा रडले. माणूस गेल्यावर नाही, मडकं गेल्यावर रडले. लेकीला ते समजलं असावं, कारण तिनं मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

पुढचे दिवस मी नणंदेशी बोलले नाही. ती चहा आणून ठेवायची, तो तसाच निवायचा. अंगणात तगरीला खालून नवी पानं फुटायला लागली होती, आणि ती बघून मला बरं वाटण्याऐवजी तिचाच राग येत होता. ज्यांच्यासाठी पानं खाऊ दिली, तेही नाहीत आणि जिनं खाल्ली तीही नाही, आणि झाड मात्र उभं.

दहाव्या दिवशी सकाळी भावकीतली माणसं जमली. गावाजवळच्या धरणाच्या काठावर दहाव्याचा विधी व्हायचा होता आणि निघायच्या आधी दिवा बघायचा होता. माझे चुलत सासरे सगळ्यांत वडील. त्यांनी मला बोलावणं पाठवलं, कारण बायकोनं असावं लागतं. मी पदर घट्ट ओढून त्या खोलीत गेले. दहा दिवसांनी गेले.

चुलत सासऱ्यांनी टोपली उचलली. सगळे वाकले. पिठावर दिव्याच्या भोवती हलक्या झाडूनं झाडल्यासारखे फराटे उठले होते आणि त्यांच्या मधून बारीक टोचे गेले होते.

"पंख हायत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "उडणाऱ्या जन्माला गेला."

माणसांनी हात जोडले. नणंदेनं तोंडावर पदर धरला. मी पिठाकडे बघत होते आणि माझ्या मनात एवढंच आलं की हेही असेच पान बघून अळी ओळखायचे. मग मी वर बघितलं.

दिव्याच्या मागच्या भिंतीवर, पंख पसरून, तो बसला होता. हिरवा आणि गुलाबी. फोटोत दिसला होता त्याहून मोठा. खाली भिंतीच्या कडेला, दिव्यापासून हातभर अंतरावर, दह्याचं मडकं होतं. फडकं सोडलेलं, माती ओली, आणि काटकी तिरकी झालेली.

माणसं पाण्याकडे जायला बाहेर पडली. नणंदही बाहेर गेली. खोलीत सासूबाई आणि मी राहिलो. त्यांनी माझ्या बांगड्यांच्या आवाजावरून मला ओळखलं असतं एरवी. त्या दिवशी माझ्या हातात बांगड्या नव्हत्या, तरी ओळखलं.

"निघालं का गं नीट?" त्यांनी विचारलं. "पंख मोडलं न्हाईत न्हवं?"

"न्हाईत," मी म्हणाले. मग भिंतीजवळ जाऊन बघितलं. "न्हाईत आत्या. लई देखणा हाय."

"व्हय?"

"तुमीच आनलं होय मडकं हितं?"

"त्याच दिशी आनलं. तुमी समदी त्याला घेऊन गेलाव तवा. कळंबची पोरगी आली का मातीचं भांडं ठिवत न्हाय, मला ठाव हुतं की." त्यांनी दिव्याकडे हात केला, वातीची ऊब बघितली. "रोज बोटानं पाणी शिंपडलं. काल फडकं सोडलं. आतून खुडबुड यायली हुती."

"मला का नाही सांगितलं? म्या वन्संना काय काय बोलले."

"तू ह्या खोलीत यायलीस का?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी चाचपडून माझा हात धरला. खापरी लागली होती तिथे त्यांचं बोट थांबलं.

"धा दीस त्यो हितंच असतोय," त्या म्हणाल्या. "दिवा त्याचाच. मग मडकं भायेर कशाला ठिवायचं? त्याला बघायचं हुतं."

"तुमी बघितलं का, निघताना?"

"मला कुठं दिसतंय बाई? फडफड ऐकली. म्हनलं, बघ रं बाळा, आलं तुझं भायेर."

मी उठले, ओसरीत गेले आणि नणंदेनं ठेवलेला चहा गार झाला होता तो प्याले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीकडे बोट केलं.

तो दिवसभर तिथेच बसून होता. अंधार पडायच्या सुमारास त्याचे पंख थरथरायला लागले. सासूबाईंनी आवाज ऐकून खिडकी उघडायला सांगितली, आणि मी उघडली.